चाल लावताना
गेल्या गणेशोत्सवात सातिवलीला आम्ही चाल लावण्याची स्पर्धा घेतली. सर्वांना कविता एकच, पेटीही एकच. नऊ चाली आल्या. बहुतेकांनी सिनेमाच्या चालीत शब्द कोंबले. एका मात्रेचे ऱ्हस्व अक्षर ताणले, दोन मात्रांचे दीर्घ तोडले. माझीही तीच गत! जात्यावर ओव्या गायलेली माझी निरक्षर आजी म्हणाली, "अरे, आधी नीट बोलून तर बघ."

१९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून गाजलेल्या गीतरामायणातील ५६ गीतांना सुधीर फडके यांनी चाली दिल्या. त्यांत शब्द कुठे गुदमरत नाही. तेव्हा मित्रहो, कविता आधी मोठ्याने वाचा, श्वास कुठे थांबतो ते पाहा, मगच पेटी उघडा.

पुढच्या वर्षी आजीला परीक्षक नेमायचे आहे. ती अजून 'हो' म्हणालेली नाही.