ई-पुस्तकातला मजकूर आपल्या नकळत बदलतो का?

प्रश्न : मी अंजनवेलचा (ता. गुहागर) निवृत्त शिक्षक. गावाचा आणि गोपाळगडाचा इतिहास जमवतो आहे. अक्षर मोठं करता येतं म्हणून हल्ली टॅबवरच वाचतो. परवा विकत घेतलेल्या एका ई-पुस्तकाचं मुखपृष्ठ आपोआप बदललेलं दिसलं. उद्या आतला मजकूर बदलला तर मला कळेल का?

उत्तर : बहुधा कळणार नाही. तुमची शंका अगदी रास्त आहे, गुरुजी. ऑनलाइन दुकानातून ई-पुस्तक घेताना बहुतेक वेळा आपण पैसे मोजतो ते वाचण्याच्या परवान्याचे. मूळ फाईल कंपनीकडे असते. प्रकाशकाने तिथे सुधारलेली फाईल चढवली की ती तुमच्या टॅबवरही उतरू शकते.

हे घडलेलं आहे. जुलै २००९मध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलच्या ‘१९८४’ आणि ‘ॲनिमल फार्म’ या कादंबऱ्यांच्या काही प्रती ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतल्या. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, असं कारण होतं. पैसे परत मिळाले. पण अभ्यासासाठी टिपणं काढत वाचणाऱ्या एका अमेरिकन विद्यार्थ्याची टिपणं उरली आणि ती ज्या ओळींवर होती त्या ओळीच गेल्या. २०२३मध्ये रोआल्ड डाल यांच्या बालपुस्तकांतले शब्द प्रकाशकाने बदलले, ‘चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी’तल्या एका मुलाच्या वर्णनातला ‘लठ्ठ’सुद्धा. ब्रिटनमध्ये जुनी ई-आवृत्ती विकत घेतलेल्या वाचकांच्या प्रतींतही हे बदल आपसूक शिरल्याच्या बातम्या आल्या. छापील प्रत कपाटात असणाऱ्याच्या पुस्तकाला मात्र कुणी हात लावू शकलं नाही.

अर्थात हाताने लिहिलेल्या पोथ्याही बदलतच. ज्ञानेश्वरीच्या नकला होता होता पाठभेद शिरले, म्हणून एकनाथांनी १५८४मध्ये प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला आणि त्यात कुणी आपली ओवी घालू नये, असं बजावलं. हे शक्य झालं, कारण प्रती वेगवेगळ्या लोकांकडे होत्या. एक बिघडली तरी दुसरी साक्षीला होती. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली तीही अशीच, असंख्य हस्तलिखितं ताडून. प्रत किती हातांत आहे आणि ती दुसरीशी ताडता येते का, हेच मी पाहतो. एका सर्व्हरवरून सगळ्यांच्या प्रती एकाच रात्री बदलता आल्या, तर ताडायला उरतं काय?

तेव्हा खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन पुस्तकांचं ‘ऑटोमॅटिक अपडेट’ बंद करा. कुलूप नसलेली पीडीएफ किंवा ईपब मिळत असेल तर तीच घ्या आणि पेनड्राइव्हवर एक प्रत ठेवा. ॲमेझॉनने किंडलची पुस्तकं संगणकावर उतरवून यूएसबीने हलवण्याची सोय फेब्रुवारी २०२५मध्ये बंद केली, त्यामुळे तिथे हा मार्ग अरुंद झाला आहे. फाईल तीच आहे का हे तपासायला ‘एसएचए-२५६’ नावाची गणिती पद्धत आहे. तिच्यातून फाईलचा ६४ अक्षरी ठसा निघतो. आत एक काना जरी बदलला तरी वेगळाच ठसा येतो. आजचा ठसा वहीत लिहून ठेवा. शाळेतला संगणक शिकवणारा कुणीही तो काढून देईल.

गोपाळगडासाठी तुम्हाला रत्नागिरी-सावंतवाडीचं १८८०चं इंग्रजी गॅझेटियर लागेलच. त्यात अंजनवेलची नोंद आहे. जालावर जुन्या ग्रंथांचा पुन्हा टाइप केलेला मजकूर मिळतो आणि पानांचे स्कॅनही. टाइप केलेल्यात शब्द झटकन सापडतो, पण टाइप करताना एखादा आकडा इकडचा तिकडे झाला तर ते त्यात दिसत नाही. शोधायला तो वापरा. उतारा आणि सनावळी मात्र स्कॅनवरूनच उतरवा, पान क्रमांकासह. मुंबईच्या गव्हर्न्मेंट सेंट्रल प्रेसचं नाव आणि १८८० हे साल असलेलं शीर्षकपृष्ठही त्या फाईलमध्ये आहे ना, एवढं आधी पाहून घ्या.