गणूची बाजू

आधी एवढं लिहिते: आमच्या पिल्लाचा, चिंगीचा, डोळा वाचला आहे. आणि आमचा म्हातारा कुत्रा गणू आमच्याकडेच आहे, आमच्याकडेच राहणार आहे. सोसायटीच्या ग्रुपवर जे काय फिरलं त्यात या दोन गोष्टी कुणी लिहिल्या नाहीत. ‘म्हातारा कुत्रा पिसाळला, पिल्लाला फाडलं’ असं पुढे पाठवणाऱ्यांनी पिसाळणं म्हणजे काय ते तरी विचारायचं होतं. गणूची रेबीजची लस एकदाही चुकलेली नाही, कार्ड घरात आहे, कुणीही येऊन बघावं.

आमच्या तळोज्याचा कुत्रा म्हटलं की बाहेरगावचे नातेवाईक अजून विचारतात, ‘निळा होता का?’ ऑगस्ट २०१७ मध्ये इथल्या एमआयडीसीत निळ्या रंगाचे कुत्रे फिरताना दिसले, त्यांचे फोटो जगभर गेले, कासाडी नदीत रंगाचं पाणी सोडल्यावरून बोंब झाली आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने एका कारखान्याला टाळं लावलं. गणू त्यातला नव्हे. पण आला त्याच महिन्यात, गणपती बसायच्या तोंडावर, मासळीच्या कारखान्याच्या फाटकापासून माझ्या नवऱ्याच्या मागे मागे. तेव्हाच तो पुरता वाढलेला होता. म्हणजे आज तो नऊ-दहाच्या खाली नाही. फाटकाबाहेर मिळेल ते खाऊन, दुसऱ्या कुत्र्यांपासून आपला घास राखून जगलेला जीव. आमच्या घरात येऊन इतकी वर्षं झाली, त्याने माणसाला कधी दात दाखवले नाहीत. हे मी सांगत होते, पण माझं ऐकून घ्यायला कुणाला वेळ नव्हता.

चिंगी सेक्टरमधल्या ट्रान्सफॉर्मरच्या कुंपणाआड जन्मलेली. आई गाडीखाली गेली, भावंडं कुणी कुणी नेली, ही राहिली. लेकीने हट्ट धरला. मी एवढंच म्हटलं होतं की आणू, पण पहिले काही आठवडे दोघांना वेगळं ठेवू. सासूबाईही म्हणाल्या, ‘त्याला म्हातारपणी जरा निवांत राहू दे गं.’ घरात दोन मतं पडली म्हणून ट्रेनर बोलावला. ‘तज्ज्ञ सांगतील तसं करू,’ असं ठरलं.

या तज्ज्ञांविषयी लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. नाव देत नाही. आले ते आल्याबरोबर सोफ्यावर बसले आणि गणूकडे बघून म्हणाले, ‘मॅडम, हा घरात अल्फा झालाय. याला खाली आणायला लागेल.’ त्याचं वय विचारलं नाही, जिना कसा चढतो विचारलं नाही, कुठे दुखतं-खुपतं का विचारलं नाही. मी सांगायला गेले की अलीकडे तो सोफ्यावर उडी मारत नाही, तर म्हणाले, ‘वजन कमी करा.’ मी म्हटलं पिल्लाला जाळीच्या फाटकाआड ठेवते, तर हसले. ‘आपापसात जमवून घेतात कुत्री. मोठा एकदा धडा शिकवेल, पिल्लू सरळ होईल. तुम्ही मध्ये पडू नका.’

हे अल्फा प्रकरण मी नंतर वाचून काढलं. त्याची सुरुवात स्वित्झर्लंडमध्ये रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून झाली, तोही एकमेकांशी नातं नसलेल्या, कोंडून ठेवलेल्या लांडग्यांचा. डेव्हिड मीच (Mech) या अमेरिकी शास्त्रज्ञाच्या १९७० च्या पुस्तकाने ती कल्पना सगळीकडे नेली. पुढे याच शास्त्रज्ञाने रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि १९९९ मध्ये स्पष्ट लिहिलं की कळप म्हणजे आई, बाप आणि त्यांची पिल्लं. तिथे मारामारी करून कुणी अल्फा होत नाही. ज्यांनी ही गोष्ट पसरवली त्यांनीच ती मागे घेतली, आणि आमच्याकडे मात्र माणूस तीच सांगून फी घेऊन जातो. आपल्याकडे कुत्र्यांचा ट्रेनर म्हणवून घ्यायला कसला परवाना लागत नाही. पट्टा हातात घेतला की झालं.

त्यांनी दोघांना हॉलमध्ये समोरासमोर सोडलं. लेक मोबाइलवर शूटिंग करत होती, म्हणून पुढचं मी पुराव्यानिशी लिहू शकते. त्या गडबडीत चिंगी किंचाळली, डोळ्यातून पाणी आणि रक्त, नवरा ओरडतोय, ट्रेनरने गणूचं मानगूट धरून त्याला जमिनीवर दाबलेलं, एवढंच लक्षात राहिलं. ‘बघितलंत? मी म्हटलं नव्हतं?’ हे त्यांचे शब्द. आणि वर सल्ला, ‘एवढा चावरा कुत्रा पिल्लाबरोबर ठेवू नका. कुठेतरी देऊन टाका.’

रात्री सगळे झोपल्यावर मी ते शूटिंग लावलं. बाहेर नेहमीचा एमआयडीसीचा उग्र वास सुटला होता, खिडक्या बंद होत्या. आवाज बंद करून सावकाश बघायला लागले, आणि माझे हातपाय गार पडले.

चिंगी जवळ येते, गणू तोंड फिरवतो. ती पुन्हा येते, तो नाक चाटतो. पुढचा पाय उचलून तसाच धरतो. मग उठून सोफा आणि भिंत यांच्या सांदीत जाऊन बसतो. म्हणजे जागा सोडून तोच निघून गेला. पिल्लू तिथेही पोहोचतं. गणूच्या डोळ्यांचं पांढरं दिसायला लागतं, सगळं अंग ताठ. मी आवाज सुरू केला. इथे तो गुरगुरतो, अगदी हलकं, घशातल्या घशात. आणि लगेच ट्रेनरचा आवाज: ‘नो!’ पट्ट्याला हिसका. गणू गप्प. थोड्या वेळाने पुन्हा गुरगुर, पुन्हा ‘नो!’, पुन्हा हिसका. त्यानंतर गणू गुरगुरत नाही. अजिबात नाही. तोंड मिटून, कान मागे टाकून, भिंतीला चिकटून बसतो. ट्रेनर म्हणतात, ‘आता कसा लायनीवर आला.’ तेवढ्यात चिंगी त्याच्या मागच्या उजव्या पुठ्ठ्यावर दाणकन चढते आणि गणूचं डोकं वळतं.

त्याने सांगता येईल तितक्या तऱ्हांनी सांगितलं होतं. त्याला बोलायला बंदी केली, मग तो चावला. पुढे कळलं की टुरिड रुगास या नॉर्वेच्या ट्रेनरबाईंनी याच खुणांवर अख्खं पुस्तक लिहिलं आहे: तोंड फिरवणं, नाक चाटणं, पाय उचलणं, उगाच जांभई देणं. म्हणजे हे ज्ञान उपलब्ध आहे. पैसे घेणाऱ्याला ते असायला हवं होतं.

म्हणून पहिली गोष्ट, कुत्रा गुरगुरला तर त्याला दटावू नका. पिल्लाला उचला, दुसऱ्या खोलीत न्या, बस. गुरगुरणं दाबलं की सूचना बंद होते, राग नाही.

दुसरी गोष्ट मला डॉक्टरांकडे कळली. मी हट्टाने दोघांनाही नेलं. डॉक्टरांनी चिंगीच्या डोळ्याला केशरी कागदी पट्टी लावली, दिवा मालवला आणि निळा उजेड टाकला. बुबुळावर नखाएवढी हिरवी रेघ चमकली. ओरखडा होता, आरपार गेला नव्हता. ट्रेनर जाता जाता सांगून गेले होते की मेडिकलमधून माणसांचेच डोळ्यांचे ड्रॉप आणा, लाली जाते. डॉक्टरांनी ते नाव ऐकलं आणि कपाळाला हात लावला. त्यात स्टेरॉइड असतं, आणि बुबुळावर जखम असताना स्टेरॉइड घातलं की जखम भरत तर नाहीच, वाढते. डोळा जाऊ शकतो. हे कृपा करून सगळ्यांनी लक्षात ठेवा. कुत्र्याच्या डोळ्याला काही झालं तर घरातलं कुठलंही औषध घालायचं नाही, पंजाने चोळू द्यायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. आमच्या डॉक्टरांनी गरज पडली तर परळच्या बैलघोडा या प्राण्यांच्या इस्पितळात न्यायची तयारी ठेवायला सांगितलं होतं. सुदैवाने ती वेळ आली नाही.

मग गणू. डॉक्टरांनी पाठीवरून हात फिरवत आणला आणि उजव्या पुठ्ठ्यावर हलकंच दाबलं. गणू ओरडला नाही, गुरगुरला नाही. फक्त मान वळवून त्या हाताकडे बघत राहिला आणि नाक चाटलं. एक्स-रेमध्ये खुब्याच्या सांध्याची कड खडबडीत, पांढरट दिसत होती. सांधा झिजलेला. ‘हे आजचं नाही, बरेच महिने दुखत असणार,’ डॉक्टर म्हणाले. नेमक्या त्याच जागेवर पिल्लू चढलं होतं.

आणि आम्हाला सांगितलं होतं वजन कमी करा.

तेव्हा ज्यांच्या घरी सात-आठ वर्षांच्या पुढचा कुत्रा आहे आणि पिल्लू आणायचं घाटत आहे, त्यांनी आधी मोठ्याला डॉक्टरांकडे न्यावं. सांधे, दात, कान, डोळे तपासून घ्यावेत. सोफ्यावर चढणं सोडलं, बसताना एक पाय बाहेर टाकतो, फरशीवर उठताना मागचा पाय घसरतो, ही दुखण्याची लक्षणं असतात. ‘आता वय झालं’ म्हणून सोडू नका. गुळगुळीत टाइल्सवर त्याच्या वावरण्याच्या वाटेत सतरंज्या किंवा रबरी चटया घाला. आमच्याकडे याने औषधाइतकाच फरक पडला. दुखण्यावर माणसांच्या गोळ्या चुकूनही देऊ नका. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, मूत्रपिंडं निकामी होतात.

पिल्लू आणायचं ते आठ आठवड्यांचं झाल्यावर. विक्रीसाठी तर २०१७ च्या केंद्राच्या नियमांत तसंच बंधन आहे. आई-भावंडांत राहून चावा किती जोरात घ्यायचा ते पिल्लू शिकतं. चिंगीसारख्या अनाथाला ती सोय नसते, तिथे आपल्यालाच जास्त सांभाळावं लागतं. लसी सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात. एका इंजेक्शनवर ‘झाली लस’ समजू नका. रेबीजची लस पिल्लू तीन महिन्यांचं झाल्यावर. रस्त्यावरून आणलेलं पिल्लू पहिले दोन आठवडे वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांत ठेवा, कारण पार्वो या विषाणूची लक्षणं दिसायला तेवढा वेळ लागू शकतो. मोठ्याचा बूस्टर राहिला असेल तर तो आधी द्या. आणि फिनाईलने लादी पुसून निश्चिंत होऊ नका, पार्वो त्याला दाद देत नाही. ब्लीच लागतं, एक भाग ब्लीचला तीस भाग पाणी, दहा मिनिटं तसंच ठेवून मग पुसायचं, तेही कुत्री खोलीत नसताना.

ओळख घरात करून देऊ नका. घर मोठ्याचं असतं. आम्ही दुसऱ्यांदा सुरुवात केली ती घराबाहेर, डॉक्टरांनी सांगितलं तशी. चिंगीचा डोळा भरला, लसी पूर्ण झाल्या, गणूच्या गोळ्या लागू पडल्या, मग पहाटे पेंधरच्या बाजूला, मेट्रोच्या पुलाखालच्या रुंद रस्त्याने. त्या वेळी तिथली कुत्री पेंगत असतात आणि कंपन्यांच्या बसेस सुरू झालेल्या नसतात. नवऱ्याच्या हातात गणू, माझ्या हातात चिंगी, मध्ये रस्त्याची रुंदी. एकाच दिशेने चालायचं, तोंडाला तोंड येऊ द्यायचं नाही. पट्टा सैल. गणू तिच्याकडे न बघता वास घेत चालायला लागला की अंतर थोडं कमी करायचं, अंग ताठ झालं की पुन्हा वाढवायचं. घाई नाही. चिंगी थांबली तिथे गणूने जाऊन वास घेतला, मग तिने त्याच्या जागी. असंच पुढे जायचं.

घरात जाळीचं फाटक आजही आहे. जेवण वेगवेगळ्या खोल्यांत, भांडी उचलल्याशिवाय फाटक उघडायचं नाही. गणूची सांदी ही गणूची सांदी, तिथे चिंगीला मज्जाव. पिल्लू दिवसातले अठरा-वीस तास झोपतं, त्यातलं बरंचसं फाटकाआड झोपू द्या. दमलेलं पिल्लू जास्त चावतं. मोठ्याला रोज थोडा वेळ एकट्याला फिरवा, पिल्लाला घरी ठेवून. बाकी प्रेम द्या, धीर धरा वगैरे सगळे सांगतातच, ते खरंच आहे.

‘एमआयडीसीत सोडून या’ असं मला लिफ्टमध्ये, जिन्यात, वाण्याच्या दुकानात सांगणाऱ्यांसाठी: पाळलेल्या जनावराला असं उपाशी मरायला सोडणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. पहिल्या वेळी दंड पन्नास रुपयांपर्यंतच आहे, ही त्या कायद्याची लाज. पण गुन्हा तो गुन्हाच. आणि कायदा नसता तरी वर्षानुवर्षं दार राखणाऱ्या जिवाला त्याच्या दुखण्याची शिक्षा म्हणून फाटकाबाहेर ठेवायचं, हे ज्यांना सुचतं त्यांच्याशी मला बोलायचं नाही.

ट्रेनरना मी ते शूटिंग पाठवलं, सोबत एक्स-रेचा फोटो. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. पॅकेजचे पैसे आधीच भरलेले होते, ते परत मिळाले नाहीत. आमच्या पलीकडच्या इमारतीत ते अजून येतात. तुम्ही कुणाला बोलावलंत तर पैसे एकेका वेळचे द्या, पॅकेज घेऊ नका. दारातून आत आल्यावर त्यांनी कुत्र्याचं वय आणि दुखणी विचारली नाहीत, तर तिथेच चहा देऊन निरोप द्या. गळ्याला आवळणारी साखळी बाहेर काढली, तर चहासुद्धा नको.