कातडे कमावणे आणि सम्यक आजीविका



नवदीक्षित घरातला मुलगा एक दिवस विचारतो, "आपले आजोबा काय काम करायचे?" काही घरांत आई-वडील तिथेच विषय बदलतात. आजोबांनी मेलेली जनावरे ओढलेली असतात, नाही तर कातडी कमावलेली असतात. धम्म स्वीकारला म्हणून हे लपवावे काय? आधी ते काम काय होते ते पाहू.

जुन्या गावगाड्यात मेलेले जनावर महार ओढून नेत, ढोर त्याचे कातडे कमावीत, चांभार वहाणा शिवीत. म्हशीचे ओले कातडे उचलताना धडधाकट माणसाची कंबर वाके. प्रथम ते पाण्यात भिजवून रक्त-माती काढायची. मग चुन्याच्या कुंडात कित्येक दिवस, अधूनमधून उलटसुलट करीत. चुन्याने केसांची मुळे सैल होतात, कातडे फुगून मोकळे होते. नंतर लाकडावर टाकून एका बाजूचे केस आणि दुसऱ्या बाजूचे मांस खरवडायचे. यात हात फाटत. त्यावर पुन्हा पुन्हा धुणे आलेच, कारण चुना उरला तर साल नीट लागत नाही.

खरी कसोटी पुढे. बाभळीची साल आणि हिरडा कुटून पाण्यात भिजवायचा. कातड्याला आधी फिके पाणी द्यायचे, मग कडक. घाई करून पहिल्याच दिवशी कडक पाणी दिले तर वरून पकते आणि आत कच्चे राहते. शेवटी कातडे पिशवीसारखे शिवून लाकडी तिकाटण्याला टांगायचे आणि साल-हिरड्याच्या पाण्याने भरायचे. पाणी कातड्यातून पाझरून खाली जमते, ते परत वर ओतायचे. काही दिवसांनी पिशवी उलटी टांगायची, म्हणजे तोंडाकडचा भागही पकतो. कडेला कापून पाहावे. मध्ये फिकी रेघ दिसली तर काम अपुरे आहे. सालीतले तुरट द्रव्य कातड्याच्या तंतूंना धरून बसते, म्हणून ते कुजत नाही. हे रसायनशास्त्रच आहे. याच शास्त्रासाठी १९४८ मध्ये मद्रासला केंद्रीय चर्म संशोधन संस्था निघाली. आपल्याकडे हे अक्षरशत्रू ठरवलेल्या माणसांच्या हातात होते. त्यांनी केलेल्या मोटेचे पाणी गावाच्या शेताला चाले, त्यांचा स्पर्श मात्र चालत नसे!

आता धम्म काय सांगतो? अंगुत्तर निकायात उपासकाने न करण्याचे पाच व्यापार दिले आहेत: शस्त्रे, जिवंत प्राणी, मांस, मद्य आणि विष. कातडे कमावणे त्यात नाही. विनयपिटकाच्या महावग्गात तर चर्मावर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यातली एक कथा अशी. एका भिक्षूला उपासकाच्या वासराचे कातडे आवडले. त्याच्यासाठी उपासकाने वासरू मारले. भिक्षू ते कातडे चिवराखाली लपवून निघाला, तर वासराची आई त्याच्या मागोमाग चालू लागली. तथागतांनी त्या भिक्षूची निर्भर्त्सना केली आणि भिक्षूंना गाईचे कातडे वर्ज्य केले. दोष होता हौसेसाठी जीव घेण्यात. आपल्या आजोबांनी कोणाचा जीव घेतला नव्हता. जनावर आपल्या मरणाने मेलेले होते.

मग बाबासाहेबांनी ढोरे ओढणे सोडायला का सांगितले? कारण ते काम निवडलेले नव्हते. ते जन्माने गळ्यात बांधलेले होते, आणि त्याच कामावरून माणूस अपवित्र ठरत होता. कातडे, शिंगे, हाडे यांचे उत्पन्न बुडेल अशी काळजी काहींनी दाखवली होती. ते उत्पन्न तुम्हीच घ्या, अशा अर्थाचे उत्तर बाबासाहेबांनी दिले. नागपूरच्या १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात त्यांनी ही हकीकत सांगितली. ही गोष्ट जुनी झाली असे समजू नका. जुलै २०१६ मध्ये गुजरातेत उन्याजवळ मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना बांधून मारले. त्यावर तिकडे अनेकांनी मेलेली जनावरे उचलण्याचे नाकारले, आणि एप्रिल २०१८ मध्ये त्या पीडित कुटुंबाने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली.

तेव्हा मुलाला खरे सांगा. घरात जुनी हत्यारे असतील तर दाखवा आणि साल, हिरडा, चुना कशाकरता लागतो तेही सांगा.

ज्यांच्याकडे हे काम स्वखुशीने अजून चालते त्यांना एक सूचना. जनावर अचानक मेले आणि नाका-तोंडातून न गोठणारे काळपट रक्त येत असेल, तर सुरी लावू नका. ती काळपुळी असू शकते, आणि तो रोग माणसाला होतो. आधी पशुवैद्यकीय डॉक्टरांना कळवा.