सहीचे मोल : म्हसवडच्या महिला बँकेचा पाठ

इयत्ता : सहावी व सातवी. विषय : नागरिकशास्त्र व गणित.

उद्देश : स्त्रिया केवळ घर चालवितात असे नव्हे, तर योग्य संधी मिळाल्यास मोठी संस्थाही चालवू शकतात, हे विद्यार्थ्यांस प्रत्यक्ष उदाहरणाने पटविणे.

प्रस्तावना : घरातील किराणा, दूध व बाजार यांचा हिशेब कोण ठेवते, असे प्रथम विचारावे. बहुतेक मुले आईचे किंवा आजीचे नाव सांगतील. त्या उत्तरावरूनच विषयाकडे वळावे.

विषय-प्रतिपादन : सातारा जिल्ह्यातील माण तालुका हा अवर्षणाचा प्रदेश. तेथील म्हसवड गावी रस्त्याच्या कडेला पाल ठोकून लोखंडी अवजारे घडविणारी एक लोहारीण राहत असे. पावसाळ्यापूर्वी पालावर घालण्यास ताडपत्री घ्यावी म्हणून ती रोज थोडे पैसे बाजूस टाकू इच्छीत होती; परंतु इतक्या अल्प रकमेचे खाते उघडण्यास बँक तयार होईना. हे कळल्यावर चेतना सिन्हा यांनी गावातील स्त्रियांस एकत्र करून स्त्रियांचीच सहकारी बँक काढण्याचा संकल्प केला.

परवान्यासाठी रिझर्व्ह बँकेकडे अर्ज गेला. तो नामंजूर झाला. कारण अर्जदार स्त्रियांपैकी अनेकींनी सहीच्या जागी अंगठे उठविले होते. स्त्रिया खचल्या नाहीत. दिवसभराचे कष्ट आटोपून त्या साक्षरतेच्या वर्गास बसू लागल्या. काही महिन्यांनी त्या पुन्हा मुंबईस गेल्या आणि अधिकाऱ्यांस म्हणाल्या की, कोणत्याही रकमेचे व्याज आम्ही तोंडी काढून दाखवितो. आपल्या अधिकाऱ्यांनी ते यंत्राशिवाय काढावे व कोण आधी सांगते ते पाहावे. परवाना मिळाला व 1997 साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

पुढे कामाचा दिवस बुडवून बँकेत येणे स्त्रियांस परवडत नाही, असे दिसून आले. तेव्हा बँकेची माणसे बाजारात व दारी जाऊन बचत गोळा करू लागली. गरजू स्त्रीची अडचण स्त्रियांनीच जाणली, म्हणून हा मार्ग सुचला. नेतृत्व म्हणजे हेच, असे येथे सांगावे.

गणिताशी सांगड : फळ्यावर पुढील उदाहरण घालावे. एका स्त्रीने 500 रुपये कर्ज घेतले. सावकाराचा दर दरमहा दरशेकडा 5 रुपये, बँकेचा दर दरसाल दरशेकडा 12 रुपये. एका वर्षाचे सरळव्याज दोन्हीकडे किती? (उत्तर : 300 रुपये व 60 रुपये.) उरलेल्या 240 रुपयांत त्या घरी काय येऊ शकेल, याची यादी मुलांकडून करून घ्यावी.

शिक्षकांस सूचना : या स्त्रियांस हिशेब आधीपासून येत होता, उणीव होती ती अक्षरांची. त्यांच्या बालपणी शाळा त्यांच्यापर्यंत पोहोचली नव्हती. म्हणून धाकट्या भावंडास सांभाळण्यासाठी घरी राहिलेली मुलगी हजेरीपटावरील केवळ एक गैरहजेरी समजू नये. शिक्षकाने त्याच सायंकाळी तिच्या घरी जावे. पाठ शिकविताना निरक्षर मातांविषयी वर्गात हसू उमटणार नाही, याचीही दक्षता घ्यावी.

स्वाध्याय :
1. पहिला अर्ज का नामंजूर झाला?
2. घरातील मोठ्या स्त्रीस तोंडी हिशेबाची तिची रीत विचारून वहीत लिहून आणा.
3. घरात कोणास सही येत नसल्यास ती शिकवा व पहिली सही वर्गात दाखवा.