साथीच्या काळातील सागरी सहली : थांबलेली जहाजे आणि अनिश्चित पुनरारंभ

सहलीच्या मोठ्या जहाजास 'तरते हॉटेल' म्हणण्याची प्रथा आहे. साथरोगाच्या दृष्टीने पाहता ही उपमा अपुरी ठरते. हॉटेलातील एखादा पाहुणा आजारी पडला तर त्यास इस्पितळात हलविता येते व उरलेले पाहुणे आपापल्या घरी जाऊ शकतात. जहाजाची स्थिती वेशीचे दरवाजे बंद झालेल्या गावासारखी असते. दोन-तीन हजार माणसे त्याच भोजनगृहांत जेवतात, त्याच जिन्यांनी चढउतार करतात, एकाच नाट्यगृहात बसतात. आणि त्यांची सेवा करणारी हजारभर माणसे खालच्या मजल्यांवर, बहुधा दोघे-दोघे मिळून एका लहान खोलीत राहतात. शिवाय या गावास आपल्या मर्जीने कोठेही थांबता येत नाही. त्याला बंदर लागते, आणि बंदर दुसऱ्याचे असते.

कोविड-१९ च्या महामारीत मार्च २०२० मध्ये थांबलेली ही जहाजे पुन्हा केव्हा व कोणत्या अटींवर सोडावीत हा प्रश्न दोन वर्षे रेंगाळला. त्याचे एक मोठे कारण येथेच आहे. जहाज सोडण्याची परवानगी एक देश देतो. त्यावरील माणसे उतरवून घ्यावयाची की नाही हे दुसरा देश ठरवितो. या दोन निर्णयांमधील अंतरात जे सापडले त्यांत प्रवासी होते तसेच खलाशी, आचारी, वाढपी आणि धोबीही होते. गोव्यात ज्यांना 'तारवटी' म्हणतात अशा आगबोटीवरील नोकरदारांच्या वेतनावर सासष्टी, मुरगाव व बार्देश या तालुक्यांतील कित्येक कुटुंबांचा निर्वाह चालतो. त्यामुळे हा प्रश्न केवळ हौशी पर्यटकांचा नव्हता.

योकोहामा येथील अनुभव

'डायमंड प्रिन्सेस' हे जहाज २० जानेवारी २०२० रोजी जपानमधील योकोहामा बंदरातून निघाले. त्यावरील एक प्रवासी २५ जानेवारीस हाँगकाँग येथे उतरला आणि १ फेब्रुवारीस त्यास कोविडची लागण झाल्याचे निश्चित झाले. जहाज योकोहामास परतले तेव्हा त्यावर ३,७११ माणसे होती. प्रवाशांना आपापल्या खोल्यांत बंद करण्यात आले. अखेरीस बाधितांची संख्या ७१२ वर पोहोचली, आणि त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना चाचणीच्या वेळी कोणतेही लक्षण नव्हते.

या प्रसंगातील एक बाब विशेष अभ्यासण्याजोगी आहे. प्रवाशांचे विलगीकरण झाले, पण कर्मचाऱ्यांचे होऊ शकले नाही. कारण हजारो बंद दारांपाशी तीन वेळचे अन्न कोणी तरी पोहोचवावयास हवे होते. स्वयंपाक, वाढप व साफसफाई करणारे कर्मचारी पूर्वीप्रमाणेच एकत्र जेवत होते आणि सामायिक खोल्यांत झोपत होते. कर्मचाऱ्यांपैकी आरंभी जे बाधित आढळले त्यांत अन्नविभागातीलच बहुसंख्य होते. म्हणजे ज्या व्यवस्थेने प्रवाशांचे संरक्षण करावयाचे तीच व्यवस्था ज्यांच्या श्रमावर उभी होती, ती माणसे संरक्षणाबाहेर राहिली. या जहाजावर १३८ भारतीय होते. त्यांपैकी १३२ कर्मचारी होते. सोळा भारतीयांना लागण झाली. उरलेल्यांपैकी ११९ जणांना २७ फेब्रुवारी रोजी विशेष विमानाने दिल्लीस आणण्यात आले.

दोन बंदरे, दोन चुका

त्याच सुमारास 'वेस्टरडॅम' नावाचे दुसरे जहाज हाँगकाँगहून निघून समुद्रावर भटकत होते. त्यावर रोगी असल्याचा पुरावा नव्हता. तरीही फिलिपिन्स, तैवान, जपान, गुआम आणि थायलंड यांनी त्यास प्रवेश नाकारला. शेवटी १३ फेब्रुवारीस कंबोडियाच्या सिहानुकव्हिल बंदराने त्यास जागा दिली. तेथे उतरलेली एक वृद्ध प्रवासी मलेशियात बाधित असल्याचे प्रथम जाहीर झाले, पण पुढील तपासण्यांत तसे नसल्याचे आढळले. निरोगी जहाज पाच दारांवरून परतविले गेले होते.

याच्या नेमके उलट सिडनी येथे घडले. १९ मार्च २०२० रोजी 'रुबी प्रिन्सेस' जहाजावरील सुमारे २,६५० प्रवाशांना, काही आजाऱ्यांच्या नमुन्यांचा निकाल हाती येण्यापूर्वीच, उतरण्याची मुभा देण्यात आली. प्रवासी रेल्वेने, विमानाने, टॅक्सीने चोहीकडे पांगले. या जहाजाशी संबंधित २८ मृत्यूंची नोंद पुढे चौकशी आयोगाने केली व न्यू साउथ वेल्सच्या आरोग्य यंत्रणेच्या निर्णयात गंभीर चुका झाल्याचा निष्कर्ष काढला. एका ठिकाणी भीतीने दार लावले गेले, दुसऱ्या ठिकाणी घाईने उघडले गेले. हाती माहिती येईपर्यंत थांबण्याची सोय दोन्हींकडे नव्हती. विलगीकरण ही कल्पना काही नवी नाही. मध्ययुगीन रागुसा या बंदराने १३७७ साली परक्या जहाजांस तीस दिवस दूर थांबविण्याचा नियम केला होता. पुढे हे दिवस चाळीस झाले व 'क्वारंटाइन' हा शब्द त्यावरूनच आला. मुंबईत १८९६ मध्ये प्लेग उद्भवल्यावर १८९७ साली व्हेनिस येथे जी आंतरराष्ट्रीय परिषद भरली तिचाही मुख्य विषय बंदरांवरील निर्बंध हाच होता. तेव्हापासून औषधे बदलली, जहाजे बदलली. दारातील वाद मात्र बहुतांशी तोच राहिला.

जहाजांवर अडकलेली माणसे

मार्च २०२० च्या मध्यास सहल-जहाजांच्या कंपन्यांनी आपल्या फेऱ्या थांबविल्या आणि १४ मार्च रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण व प्रतिबंध केंद्राने मनाईहुकूम काढला. प्रवासी हळूहळू घरी गेले. कर्मचारी मात्र नांगरलेल्या जहाजांवर आठवडेच्या आठवडे राहिले. भारताने २२ मार्चपासून आंतरराष्ट्रीय विमानवाहतूक थांबविली होती व २५ मार्चपासून टाळेबंदी लागू झाली होती. मुंबईजवळ आलेल्या 'मरेला डिस्कव्हरी' जहाजावरील खलाशांना किनारा दिसत होता, पण उतरता येत नव्हते. केंद्र शासनाने २१ एप्रिल रोजी भारतीय खलाशांच्या चढण्या-उतरण्याची कार्यपद्धती जाहीर केली. त्यानंतर २३ एप्रिलला या जहाजावरील १४६ भारतीय कर्मचारी मुंबई बंदरात उतरले. त्यांत गोमंतकीयांचा समावेश होता. एक लेखी कार्यपद्धती तयार होण्यास लागलेला अवधी घरी वाट पाहणाऱ्यांना किती दीर्घ वाटला असेल, याची कल्पना अशा घरांशी परिचय असलेल्या शिक्षकांना व ग्रामसेवकांना सहज येईल.

काही जहाजे पुन्हा निघालीच नाहीत. मुंबईहून गोव्याकडे व अन्यत्र सहली करणारे 'कर्णिका' हे जहाज २०२० च्या अखेरीस गुजरातमधील अलंग येथे मोडीत काढण्यासाठी नेण्यात आले. आपली कंपनी उरेल काय, उरली तर पुन्हा बोलावील काय, याचे उत्तर तारवटीला त्या वर्षी कोठेही मिळत नव्हते.

पहिले प्रयोग

सहली सुरू करण्याचा पहिला प्रयत्न युरोपात झाला. नॉर्वेच्या 'रोआल आमुंडसेन' जहाजाने जुलै २०२० मध्ये उत्तरेकडील स्वालबार्डच्या सहली केल्या. महिनाअखेर चार कर्मचारी बाधित आढळले. तोपर्यंत दोन सहलींचे प्रवासी उतरून गावोगाव गेले होते. कंपनीने आपली चूक जाहीरपणे मान्य केली आणि नॉर्वेने शंभरांहून अधिक माणसे असलेल्या जहाजांवरून उतरण्यास काही काळ बंदी घातली.

इटलीतील जिनोव्हाहून १६ ऑगस्ट २०२० रोजी निघालेल्या 'एमएससी ग्रँडिओसा' जहाजाचा मार्ग अधिक काटेकोर होता. प्रत्येकाची चाचणी, कमी प्रवासी, आणि किनाऱ्यावर फिरावयाचे तर केवळ जहाजाने ठरविलेल्या गटातूनच. नेपल्स येथे एक कुटुंब गट सोडून स्वतंत्र फिरले, तेव्हा त्यास पुन्हा जहाजावर घेण्यात आले नाही. हा निर्णय कठोर वाटेल. परंतु गावाची वेस राखावयाची तर ती एका घरासाठी उघडी ठेवता येत नाही. हे जहाजही नाताळच्या सुमारास इटलीतील निर्बंधांमुळे थांबले आणि जानेवारी २०२१ अखेरीस पुन्हा निघाले.

चढण्यापूर्वीची चाचणी पुरेशी नाही, हे नोव्हेंबर २०२० मध्ये बार्बाडोसहून निघालेल्या 'सीड्रीम' या लहान जहाजाने दाखविले. सर्व प्रवाशांची चाचणी होऊनही काही दिवसांतच रोगी आढळले. संसर्ग झाल्यापासून तो चाचणीत दिसेपर्यंत काही दिवस जातात; या मधल्या दिवसांत निर्दोष ठरलेला मनुष्य निश्चिंतपणे जहाजावर चढतो. उलट बाजूही आहे. डिसेंबर २०२० मध्ये सिंगापूरहून कोणत्याही बंदरात न थांबणाऱ्या सहलीवर निघालेले 'क्वांटम ऑफ द सीज' एका वृद्ध प्रवाशाची चाचणी सदोष आल्यामुळे अर्ध्यावरून परतले. फेरतपासणीत तो प्रवासी निरोगी ठरला. चाचणी हे साधन उपयुक्त होय, परंतु ते दोन्ही बाजूंनी चुकू शकते.

लस, अटी आणि न्यायालय

अमेरिकेने मनाईहुकुमाच्या जागी ३० ऑक्टोबर २०२० रोजी सशर्त परवानगीचा आदेश आणला. प्रथम कर्मचाऱ्यांच्या चाचणीची सोय, मग स्वयंसेवकांना घेऊन लटकी सहल, मग प्रमाणपत्र आणि त्यानंतर खरे प्रवासी, असा त्याचा क्रम होता. पुढे बहुतेक सर्व प्रवासी व कर्मचारी लस घेतलेले असल्यास लटक्या सहलीची अट गाळण्यात आली. याच मार्गाने २६ जून २०२१ रोजी 'सेलिब्रिटी एज' हे जहाज फ्लोरिडातून निघाले. त्याच फ्लोरिडा राज्याने लसीचे प्रमाणपत्र मागण्यास कायद्याने मनाई केली होती आणि केंद्रीय आदेशाविरुद्ध न्यायालयात धाव घेतली होती. एकच कंपनी एका बाजूने प्रमाणपत्र मागावयास आणि दुसऱ्या बाजूने न मागावयास बांधली गेली.

भारतीय खलाशापुढील अडचण निराळी होती. कंपनीला दोन मात्रा घेतलेला मनुष्य हवा होता. मे २०२१ मध्ये कोविशील्डच्या दोन मात्रांमधील अंतर किमान ८४ दिवस करण्यात आले. करारपत्र हाती असूनही तारीख हुकण्याची पाळी आली. ७ जून २०२१ रोजी केंद्राने शिक्षण व नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्यांना २८ दिवसांनंतर दुसरी मात्रा घेण्याची सवलत दिली, तेव्हा ही गाठ काहीशी सुटली. कोव्हॅक्सिन घेतलेल्यांना जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता येईपर्यंत, म्हणजे ३ नोव्हेंबर २०२१ पर्यंत, थांबावे लागले. गावातील लसीकरण केंद्रावर कोणती कुपी आली होती, यावर कोणाची नोकरी टिकावी हे ठरत होते.

मुरगाव, जानेवारी २०२२

भारतातील देशांतर्गत सहली सप्टेंबर २०२१ मध्ये मुंबईहून पुन्हा सुरू झाल्या. नववर्षाच्या निमित्ताने मुंबईहून निघालेले कॉर्डेलिया कंपनीचे 'एम्प्रेस' जहाज जानेवारी २०२२ च्या आरंभी मुरगाव बंदरात आले, त्या वेळी एक कर्मचारी बाधित असल्याचे आढळले. सुमारे दोन हजार माणसांची तपासणी करण्यात आली व ६६ जण बाधित निघाले. प्रवाशांना सहलीसाठी गोव्यात उतरू देण्यात आले नाही आणि जहाज मुंबईस परतले. सिडनीत जे घडले ते येथे टळले. निकाल आधी आणि उतरणे नंतर, हा क्रम पाळला गेला. बाधितांना ठेवावयाचे कोठे, बाकीच्यांना किती दिवस जहाजावर रोखावयाचे, हे प्रश्न मात्र जहाज बंदरात आल्यानंतरच उभे राहिले. त्यांची उत्तरे बंदराच्या कागदावर आधीच असावयास हवीत.

अमेरिकेने सहल-जहाजांविषयीची प्रवासी सूचना ३० मार्च २०२२ रोजी काढून घेतली आणि १८ जुलै २०२२ रोजी जहाजांवरील कोविडविषयक विशेष कार्यक्रमही संपविला. त्याबरोबर प्रत्येक जहाजाच्या रोगस्थितीचा रंगांनी दर्शविलेला तक्ता प्रसिद्ध होणे बंद झाले. त्यानंतर जावे की न जावे हे प्रवाशाने आपल्या प्रकृतीकडे पाहून ठरवावयाचे होते. तारवटीला मात्र कोणत्या जहाजावर, किती जणांच्या खोलीत राहावयाचे, हे निवडण्याची मुभा पूर्वीही नव्हती. जहाजावरील विलगीकरणाच्या खोल्यांत कर्मचाऱ्यांसाठी किती राखून ठेवल्या आहेत, ही विचारणा भरतीच्या वेळीच झाली पाहिजे. ती करावयाची ती भरती करणाऱ्या संस्थेकडे, आणि शक्य तर लेखी.