लॅपटॉप अपडेटमध्ये अडकला? आधी हिशेब वाचवा, मग मशीन



या वेळचा धडा आहे संघाच्या लॅपटॉपचा. तुम्ही म्हणाल, "लॅपटॉप तर लेखापाल ताई बघतात, आम्हाला काय त्याचं?" तर आधी आमच्या संघात काय झालं ते ऐका.

मासिक सभा दोन दिवसांवर होती. संध्याकाळी लॅपटॉप बंद करताना "अपडेट अँड शट डाऊन" हे बटण दाबलं गेलं. सकाळी उघडला तर पडद्यावर गोल फिरतंय आणि आकडा ३५ टक्क्यांवर अडकलेला. अर्धा तास वाट पाहिली. मग घाबरून बटण दाबून बंद केला, चालू केला, परत बंद केला. शेवटी दुकानात नेला. दुकानदारानं विचारलं, "फॉरमॅट मारू का?" आम्ही म्हटलं, "मारा, पण लवकर द्या."

त्या एका शब्दात आठ महिन्यांचा हिशेब पुसला गेला. लॅपटॉप त्याच दिवशी चालू झाला, पण हिशेब परत भरायला चार जणींना तीन आठवडे लागले. गटांकडे हातानं लिहिलेल्या वह्या होत्या म्हणून तेवढं तरी जमलं. दोन गटांच्या परतफेडीचा मेळ बसेना, तेव्हा बायका एकमेकींकडे संशयानं बघायला लागल्या. पैसा कुणीच खाल्ला नव्हता, फक्त नोंद हरवली होती. पण विश्वासाला तडा जायला तेवढं पुरतं.

म्हणून या धड्याची पहिली ओळ पाठ करा: लॅपटॉप दुरुस्त होतो, गेलेला हिशेब परत येईलच असं नाही.

अपडेट म्हणजे काय आणि ते का फसतं?

लॅपटॉप ज्याच्यावर चालतो त्याला विंडोज म्हणतात. त्यातल्या चुका दुरुस्त करायला आणि चोरवाटा बुजवायला कंपनी वेळोवेळी सुधारणा पाठवते. तेच अपडेट. ते घ्यायलाच हवं, नाहीतर व्हायरसला दार उघडं राहतं. पण ते मध्येच फसण्याची कारणंही असतात:

- सी ड्राइव्हमध्ये जागा नसणं. मोठ्या अपडेटला साधारण २० जीबी मोकळी जागा लागते.
- मध्येच लाईट जाणं आणि बॅटरी जुनी असणं.
- मोबाईलच्या हॉटस्पॉटवर नेट तुटणं.
- पेन ड्राइव्ह, प्रिंटर वगैरे जोडलेलं राहणं.
- लॅपटॉप जुना असणं. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून अनेकजणी विंडोज ११ घ्यायला बघतात. पण त्याला निदान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. ती नसेल तर अपडेट होणार नाही, त्यात तुमची काही चूक नाही.

चूक नेहमी वापरणाऱ्याचीच असते असं मुळीच नाही. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचं एक अपडेट चुकीचं निघालं आणि जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले. आपल्याकडच्या विमानतळांवरसुद्धा त्या दिवशी हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. तेव्हा लेखापाल ताईंवर ओरडण्याआधी हे आठवा. आणि हेही आठवा की अडचणीत कामाला आली ती हातानं लिहिलेली चिठ्ठीच.

पायरी १: हात बांधून थांबा

टक्के हळूहळू का होईना सरकत असतील, किंवा लॅपटॉपवरचा छोटा दिवा लुकलुकत असेल, तर काम चालू आहे असं समजा. चार्जर लावा आणि थांबा. जुन्या लॅपटॉपला दोन-तीन तासही लागतात. "अनडूइंग चेंजेस" असं दिसलं तर घाबरू नका. अपडेट जमलं नाही म्हणून विंडोज स्वतःच पहिल्या जागी परत चाललं आहे. या वेळी बंद करणं सगळ्यात धोक्याचं.

इंग्रजी वाचायला अडचण वाटत असेल तर पडद्याचा मोबाईलवर फोटो काढून सीआरपी ताईंना किंवा कॉलेजात जाणाऱ्या मुलीला पाठवा. न वाचता कुठलंही बटण दाबायचं नाही.

पायरी २: विंडोज सुरू झालं, पण अपडेट फसलं

ही सोपी अडचण आहे. काम या क्रमानं करा:

१. सगळ्यात आधी हिशेबाचा फोल्डर, ठराव, इतिवृत्त आणि बँकेची कागदपत्रं पेन ड्राइव्हवर उतरवा. उतरवलेली एक फाईल उघडून बघा. मग पेन ड्राइव्ह काढून ठेवा.

२. लॅपटॉप एकदा रिस्टार्ट करा. पुष्कळदा एवढ्यानंच काम होतं.

३. सी ड्राइव्हची जागा बघा. पट्टी लाल असेल तर जागा संपत आली आहे. सेटिंग्ज, सिस्टीम, स्टोरेज, टेंपररी फाइल्स असं जाऊन नको ते काढा. पण तिथल्या यादीत "डाउनलोड्स" असतं, त्याच्यासमोर टिक करू नका. बँकेचे उतारे बहुतेक वेळा तिथंच पडलेले असतात.

४. सेटिंग्जमध्ये ट्रबलशूट शोधा आणि विंडोज अपडेटचा ट्रबलशूटर चालवा. तो स्वतःच दोष शोधतो.

५. चार्जर लावून, प्रिंटर काढून, चांगलं नेट असताना परत अपडेट करा. तरी जमलं नाही तर पडद्यावरचा चुकीचा क्रमांक वहीत लिहून घ्या. जाणकाराला तोच क्रमांक सांगायचा.

अपडेट झालं, पण नंतर हिशेबाचं सॉफ्टवेअर चालेना, असंही होतं. मोठं अपडेट असेल तर सेटिंग्जमधल्या रिकव्हरीत "गो बॅक" मिळतं. त्याची मुदत साधारण १० दिवसांची असते, म्हणून "बघू पुढच्या सभेनंतर" असं म्हणत बसू नका.

पायरी ३: विंडोज सुरूच होत नाही

तीन तास झाले, आकडा हलत नाही, दिवाही लुकलुकत नाही. आता बंद करायला हरकत नाही. पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. परत चालू करा. सुरुवातीचं चिन्ह दिसताच पुन्हा तसंच बंद करा. दोनदा असं केल्यावर तिसऱ्या वेळी बहुधा दुरुस्तीचा पडदा येतो. त्यात ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स निवडा.

तिथं "स्टार्टअप रिपेअर" आणि "अनइन्स्टॉल अपडेट्स" ही दोन कामाची बटणं आहेत. दुसऱ्यात आधी "क्वालिटी अपडेट" काढून बघा, मग गरज पडली तर "फीचर अपडेट". यात तुमच्या फायली पुसल्या जात नाहीत.

त्याच पडद्याजवळ "रिसेट धिस पीसी" असतं. इथं मात्र हात आवरा. "रिमूव्ह एव्हरीथिंग" म्हणजे सगळं साफ. "कीप माय फाइल्स" म्हटलं तरी वरून टाकलेली सॉफ्टवेअर जातात, आणि हिशेबाचा डेटा वाचेलच असं धरून चालू नका. डेटा बाहेर काढल्याशिवाय रिसेट नाही.

कधी निळा पडदा ४८ आकडी किल्ली मागतो. लॅपटॉपमधली माहिती कुलूपबंद असते, त्याची ही किल्ली. ती बहुतेक वेळा ज्या ईमेलनं लॅपटॉप सुरू केला त्या मायक्रोसॉफ्ट खात्यात मिळते. आता विचार करा, ते ईमेल काम सोडून गेलेल्या ताईचं असेल तर? म्हणून लॅपटॉपचं खातं संघाच्या नावाच्या ईमेलवर हवं. किल्ली कागदावर लिहून अध्यक्षांकडे कुलपात ठेवा.

पायरी ४: दुकानात नेताना

तोंडी सांगू नका. कागदावर लिहून द्या: "आधी डेटा वेगळा काढून दाखवावा. आमच्या लेखी परवानगीशिवाय फॉरमॅट करू नये." पावती घ्या. विंडोज चालू होत नसलं तरी डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून डेटा बऱ्याचदा निघतो, हे लक्षात असू द्या. फॉरमॅटचा निर्णय एकटीनं घ्यायचा नाही. अध्यक्ष, सचिव आणि लेखापाल तिघींनी मिळून घ्यायचा.

आणि पडद्यावर "या नंबरवर फोन करा" असं आलं तर करू नका. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या चुकीच्या संदेशात फोन नंबर नसतो. कुणी मोबाईलवर ॲप टाकायला लावून ओटीपी मागत असेल तर तो चोर समजा. संघाचं बँक खातं त्याच लॅपटॉपवर उघडतं, विसरू नका.

आजपासून लावायच्या सवयी

- दर आठवड्याला, आणि सभेनंतर त्याच दिवशी, हिशेबाची प्रत पेन ड्राइव्हवर घ्या. पेन ड्राइव्ह दोन ठेवा, एक कार्यालयात आणि एक सचिव ताईंच्या घरी.
- सभा, लेखापरीक्षण किंवा बँकेची तारीख जवळ असेल तेव्हा सेटिंग्जमधून अपडेट आठवडाभर "पॉज" करा. काम झालं की लगेच घ्या.
- मोठं अपडेट मोकळ्या दिवशी, सकाळी, चार्जर लावून करा.
- हातानं लिहिलेली वही बंद करू नका. गटाची वही हीच शेवटची साक्ष.

पुढच्या सभेत विचारा

१. आपल्या हिशेबाची शेवटची प्रत कोणत्या तारखेची आहे? ती उघडून बघितली का?

२. लॅपटॉपचं खातं कुणाच्या ईमेलवर आहे? पासवर्ड किती जणींना माहीत आहे?

३. आज लॅपटॉप बंद पडला तर उद्या कर्जवाटप करता येईल का?

तिसऱ्या प्रश्नाला "हो" असं उत्तर येत नसेल, तर सभा संपण्याआधी पेन ड्राइव्ह घेण्याचा ठराव करा. दोन पेन ड्राइव्हचा खर्च संघाला जड नाही. आमच्या संघानं तो आठ महिने उशिरा केला. तुम्ही वेळेवर करा.