तिखटाचा ग्लास आणि कमला सोहोनी



मागच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "विकतच्या तिखटात काय मिसळलंय ते आपल्याला काय कळणार? त्याला सायंटिस्ट लागतो." म्हणून या वेळच्या अभ्यासाला सायंटिस्टच घेतली आहे.

कमला सोहोनी, माहेरच्या भागवत. लेखिका दुर्गा भागवत यांच्या बहीण. १९३३ मध्ये बी.एस्सी. झाल्या आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. तिथले संचालक होते नोबेल मिळालेले सी. व्ही. रामन. त्यांनी नाही म्हटलं. कारण? मुलगी आहे. कमलाबाई घरी परतल्या नाहीत, ठाण मांडून बसल्या. शेवटी एक वर्ष चाचणीवर घेतलं, तेही मुलग्यांचं लक्ष विचलित होता कामा नये या अटीवर! (हे वाचून मला आजही राग येतो.) त्यांचं काम बघून रामन यांनी पुढे मुलींना दार उघडलं.

तिथे त्यांनी दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम केलं. मग केंब्रिजला गेल्या, १९३९ मध्ये पीएच.डी. झाल्या. विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला म्हणून त्यांचं नाव घेतात. परत आल्यावर नीरेच्या पोषणमूल्यावर संशोधन केलं, त्याला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

पण आपल्या कामाची गोष्ट पुढेच आहे. १९६६ मध्ये मुंबईत कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही ग्राहकांची संघटना सुरू झाली. भेसळ, खोटं वजन यावर ती बोलायला लागली, तेव्हा ग्राहक संरक्षण कायदा यायला अजून २० वर्षं होती. कमलाबाई तिच्यात काम करत राहिल्या, १९८२-८३ मध्ये अध्यक्ष झाल्या, तिच्या 'कीमत' मासिकात लिहिलं. प्रयोगशाळेतलं ज्ञान त्यांनी असं घराघरात नेलं.

आता तिखटाचं. काचेच्या ग्लासात पाणी घ्या, वरून चमचाभर तिखट टाका, ढवळू नका. रंगाच्या रेघा भराभर खाली उतरल्या तर वरून रंग घातल्याचा संशय. तळाचा गाळ बोटांत चोळा, खरखरीत लागला तर विटेची भुकटी किंवा वाळू असू शकते. हा फक्त संशय हं, पक्कं प्रयोगशाळाच सांगते. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते.

पुढच्या बैठकीला दुकानातलं तिखट आणा. आपले काही गट तिखट विकतात, त्यांनी आपलंही पाकीट आणावं. ग्लासात पहिलं आपलंच टाकायचं आहे. कांडपावर मिरचीत दुसऱ्याचं काही मिसळलं असेल तर गिऱ्हाइकाआधी आपल्याला कळलेलं बरं.